रंकाळ्यावरची हजेरी

कोल्हापूर,
५ फेब्रुवारी १९६९

ती. दादांस यज्ञेश्वरचा (एक हात कंबरेवर धरून) वाकून नमस्कार.

मुरगुडात आपणा सर्वांच्या प्रकृती ठीक असतील. दिवाळीला आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी आलेल्या आपल्या बहिणीचीही ठीकच असणार, कारण लीलाचं अजून एक कार्डसुद्धा नाही. पेन्शनीत निघाल्यावर मी तिला आमटी शिकवायला लागलो, एवढंच आमचं भांडण. (पस्तीस वर्षं तीच आमटी मी ओरपत होतो, हे तिने सुनावलं.)

रिकामं घर खायला उठतं, म्हणून सकाळी रंकाळ्यावर जाऊन बसतो. होड्या लागतात त्या धक्क्याशेजारच्या चिखलात थंडीचे पाहुणे पक्षी उतरतात. लांब तांबड्या पायांचे शेकाटे, सारखी शेपटी हलवणारे तुतवार. मास्तरची खोड, वही काढून त्यांची हजेरी मांडली. तिथेच म्हशी धुणाऱ्या पिराजी गवळ्याने ती पाहिली. म्युनिसिपालटी तळ्यात म्हशींना बंदी करणार अशी आवई उठलेली, त्यामुळे मी म्हशी मोजायला आलेला सरकारी माणूस असं त्याने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हशी पलीकडच्या काठाला! मला वाटलं, बरं झालं, आता पक्षी निवांत चरतील. चार दिवसांत एक पक्षी उरला नाही.

शेवटी मीच पिराजीकडे जाऊन वही दाखवली. (त्याने ती उलटी धरून बारकाईने तपासली.) मग हसत सुटला. "अवो मास्तर, म्हशी चिखल तुडवत्यात, किडं वर येत्यात, म्हनून पाखरं येत्यात की! एवढं बी ठावं न्हाय व्हय?"

नव्हतं, दादा. जन्मभर पोरांना निसर्ग शिकवला आणि हे ठाऊक नव्हतं. त्या म्हशींची मला अडचणच वाटत होती. लीलाच्या स्वयंपाकघरातही मी असंच न कळता नाक खुपसलं, याची आता लाज वाटते. पिराजीने म्हशी परत आणल्या, मागोमाग पक्षी आले. वही मी घरीच ठेवतो. कुणाची चूक न काढता दोन तास बसता येतं, आणि फार बरं वाटतं.

बाकी माझं उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. : हे पत्र लीलाला दाखवू नये.

आणखी ता. क. : उत्तम काही चाललेलं नाही. पत्र तिच्या हातात द्यावं.

शेवटचा ता. क. : रविवारच्या पहिल्या एस.टी.ने येतो आहे. न्यायला नव्हे, नुसता तिच्याजवळ तासभर बसायला. तेवढं तिला विचारून ठेवा, मी आलो तर ती उठून आत जाणार नाही ना?