संत हिल्डविन यांचा नववा चमत्कार

ईस्टरनंतरचा सोमवार

पोचलो एकदाचा मठात! दलदलीत गाढव दोनदा रुतलं, पण वाम माशाचं कालवण आणि सातूची दारू पुढ्यात आली नि सगळा शीण पळाला. इथले बिशप हिल्डविन साठ वर्षांपूर्वी वारले. त्यांचं चरित्र मी लिहायचं आहे. त्यांचा देह अजून कुजलेला नाही. इथला म्हातारा सेवक वुल्मेर दर आठवड्याला शवपेटी उघडून त्यांचे केस विंचरतो, वाढलेली नखं कापतो. मला म्हणाला, "लेखकबुवा, जिवंतपणी फार तापट होते हो. आता बघा, कसे गुमान कापू देतात!" मला हा म्हातारा फार आवडला.

शुक्रवार

चमत्कार आठच सापडले, तेही पाणचट. मठाधिपती ऑर्डगर यांना संतांच्या यात्रेआधी नऊ हवेत. मग दुसऱ्या एका संताच्या चरित्रातला उचलला: जो संताच्या देहाला हात लावील, त्याचा हात वाळेल. यात पाप कसलं? सगळे चरित्रकार हेच करतात; संतांचं पुण्य सामाईकच असतं. दुपारी जेवणघरात वाचून दाखवला, सगळे खूश. वुल्मेरने हसत विचारलं, की मग आता माझं कसं व्हायचं?

मंगळवार

वुल्मेरचा उजवा हात वाळला. भर दुपारी, फणी हातात असताना. अगदी काटकी झाली आहे. सगळे म्हणतात, म्हातारा चोर निघाला, संताचे केस विकत असणार. त्याला गोठ्यात नेऊन टाकलंय. खरं काय ते मला ठाऊक आहे, तरी मी गप्प बसलो. फार लाज वाटते.

बुधवार

ती ओळ चाकूने खरवडली. कातड्याच्या पानाला भोक पडेपर्यंत खरवडली. जेवून परत आलो तर पान धड, ओळ जागच्या जागी.

गुरुवार

ऑर्डगर यांच्यापुढे सगळं कबूल केलं. ते हसले. म्हणाले, "अरे वेड्या, घडला ना? मग उसना कसा?" फणी-कात्री आता माझ्याकडे. उद्या यात्रा. लेखणी धरणारा हात आहे हा — दुसरं मला येतं तरी काय?

शुक्रवार

फणी काठीला बांधली. लांबूनच संतांचे केस विंचरले. मी शिवलोच नाही. पण त्यांची बोटं उघडली — त्यांनीच माझं मनगट —

रविवार

डाव्या हाताने लिहितोय. वुल्मेर गोठ्यातून येऊन त्याच्या डाव्या हाताने भरवतो मला. एक शिवीसुद्धा देत नाही, तेच सोसवत नाही.

चरित्रात आज दहावा चमत्कार आहे. मी लिहिलेला नाही. अक्षर मात्र माझंच, उजव्या हाताचं. ज्याने संताविषयी खोटं लिहिलं, त्याचे डोळे —

वुल्मेरला हाक मारली. तो म्हणतो, मी समोरच आहे, दिवस अजून मावळला नाही — मला नुसता त्याचा आवाज —