मनूचे चार शब्द

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुजाता आठला स्कूटीवर गेली. निंबोल्याकडच्या उपकेंद्रावर नर्स आहे, आज तिथे टीकाकरण, लेकरांच्या लशी, म्हणजे यायला सहा. घरात मी, आबा, मनू. मी कामाला होतो ती कापसाची जिनिंग विकली गेल्यापासून सात महिने हेच. नव्या मालकाने सीझनसाठी जुन्यांतले निवडून बोलावले. मला नाही.
मोबाईल समोर धरला की मनू तोंड उघडते, मी घास ढकलतो. अडीच वर्षांची पोर, काय खातेय ते बघत नाही. दोन वाजता पाहिलं तर सकाळचा वरणभात तिच्या गळ्याशी वाळलेला. माझं बनियनही परवाचंच. वास येत होता. तरी उठलो नाही.
आबा ओट्यावर शेजाऱ्याला सांगत होते, "सून नोकरी करून राह्यली, आमचे साहेब पोरगी सांभाळून राह्यले." हसले दोघं. मी आतून कडी लावली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सु.ने आल्या आल्या मनूला मांडीवर घेतलं. "मनू, पंखा कुठे? बाबा कुठे?" काही नाही. मोबाईलकडे हात.
सु. म्हणाली, "गावोगावच्या बायांना मी विचारत फिरते, दोन शब्द जोडून बोलतो का तुमचा पोरगा. आणि माझ्या घरात?" मग बोटांवर मोजले. मम्मी. पापी, म्हणजे पाणी. नाई. हाड.
एवढेच. त्यातला सगळ्यात स्वच्छ 'हाड'.
"हे कुठून आलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, आबा कुत्र्याला म्हणतात. खरं आहे ते. मी मनूलाही म्हणतो, ते नाही सांगितलं.


८, शनि.
आबांचं मत: "याला बी तीन वर्षं वाचा नव्हती. काय बिघडलं?" आणि माझ्याकडे हात. मी, छत्तीस वर्षांचा, भिंतीला टेकून बसलेला. काय बिघडलं ते समोर दिसत होतं, तरी त्यांना दिसेना.

११, मंगळ.
मनूच्या ताटलीवर माशी बसली. हाकलायला हात उचलला. तिने डोळे गच्च मिटले, मान खांद्यात घातली. रडली नाही. नुसती थांबून राहिली, कधी पडते म्हणून.
लिहायचं तर खरं लिहू. मारलंय. दोनदा मांडीवर, एकदा पाठीत. दूध सांडलं म्हणून, रडणं थांबेना म्हणून, आणि पाठीत का ते आठवतसुद्धा नाही. आठवत नाही, याचीच जास्त शिसारी.
माशी उडाली. मी ताटली धुतली, हात धुतले. साबण लावून परत धुतले.

१४, शुक्र.
सु.ने सुट्टी टाकली. मनूला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठीक आहेत म्हणाले. मग मला, "दिनभर बच्ची के साथ कौन रहता है?"
"मैं."
"बात करते हो उससे?"
"हां, करता हूँ ना." बेशरमपणे. सु. माझ्याकडे बघत होती.
"और आप? नींद, भूख?" सब ठीक, म्हटलं. तेव्हा सु. बोलली, "कुछ ठीक नहीं सर. नहाते भी हैं तो मेरे बोलने पर. पूरा दिन पड़े रहते हैं."
त्यांनी माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली, दुसऱ्या, मनाच्या डॉक्टरांच्या नावाने. मनूसाठी सांगितलं, मोबाईल बंद, जे दिसेल ते तिला बोलून दाखवा, चार मुलांत ठेवा.
जिन्यात मी भडकलो. "घरातल्या गोष्टी बाहेर कशाला काढायच्या?"
"घरातली आहे म्हणूनच काढली," ती म्हणाली.
चिठ्ठी खिशात. अजून गेलो नाही.

१६, रविवार
गच्चीवर सु. कपडे वाळत घालत होती. सांगून टाकलं. तिन्ही वेळा. वाटलं ओरडेल, माहेरी जाईल.
तिने चादर झटकली, तारेवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली, "माहीत होतं मला. आंघोळ घालताना वळ दिसला होता."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर मनूला कुणाकडे ठेवून ड्युटीला गेले असते? पायजम्याने झाकला आणि गेले. तिथे दुसऱ्याच्या लेकरांना वजनकाट्यावर बसवलं." रिकामी बादली उचलली. "तुमची घाण वाटली. पण माझीही तेवढीच."
खाली मोबाईलचं गाणं चालू होतं. आबांनी परत दिला असणार.

१९, बुध.
ठरवलं. मनूला सु.च्या उपकेंद्राजवळच्या आंगनवाडीत घालायचं. तिथली दीदी, मुलं सांभाळणारी, ओळखीची आहे.
आबा उसळले. "मिलमध्ये जिंदगी काढली मी. माझी नात सरकारी पंगतीत बसून फुकटची खिचडी खाईन?"
"खाईल," मी म्हणालो. "इथे तुमचं हाड-हाड खाण्यापेक्षा बरी."
आजवर असं तोंडावर बोललो नव्हतो. त्यांचा हात वर गेला. आणि मी, त्यांच्याहून वीतभर उंच, डोळे मिटले. मान आपोआप वळली.
मार बसला नाही. डोळे उघडले तर आबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. मनू दारात. तिने सगळं पाहिलं.
आबा चपला न घालता ओट्यावर जाऊन बसले. सु. चहा घेऊन गेली, तो तसाच परत आला.
माझ्यात हे त्यांच्याकडून आलं, असं लिहिणार होतो. खोडलं. त्यांनी मला मारलं ते त्यांच्याकडे. मनूला मारणारा हात माझा.

२४, सोम.
आंगनवाडीचा पहिला दिवस. सु.ला लवकर जायचं होतं, मी मनूला बसने नेलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं खिडकीतून बोलायला लागलो. "केळी बघ. किती केळी! ट्रॅक्टर. म्हैस." आपला आवाज आपल्यालाच परका. मागची पोरं हसली. एका बाईने विचारलं, "हिची आई नाही का?"
उतरून परत फिरावंसं वाटलं. दोन थांबे गप्प बसलो. मग परत म्हैस दिसली, परत म्हटलं, म्हैस.
तिकडे पोचल्यावर मनू दीदीकडे जाईना. माझी पँट धरून उभी. मी तिला मारलं, आणि आता माझ्याच पायाला धरून उभी आहे, तिला दुसरं काही माहीतच नाही. शेवटी दीदीने उचलून आत नेली.
तिला सोडून येताना चिठ्ठीवरच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बसलो तासभर. नंबर आला तेव्हा आत गेलो.

२९, शनि.
आठवडाभर मनूला मीच बसने नेतोय. गोळ्या चालू. तोंड कोरडं पडतं. आबा त्यांच्या बहिणीकडे नेपानगरला गेले, जाताना मनूच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकले. ती मागे सरकली. ते रिक्षात बसले.
संध्याकाळी जिनिंगच्या नव्या मुकादमाचा फोन. "एक आदमी चला गया. सोमवार से आ जाओ, बारह घंटे की ड्यूटी." उद्या दुपारपर्यंत सांगा म्हणाला.
सु. म्हणाली, "तुम्ही ठरवा. मनूला मी सकाळी स्कूटीवर घेऊन जाईन, सांजेला आणीन, होईल कसंतरी." मग, "पण स्कूटीवर तिच्याशी बोलणं होत नाही, बसमध्ये तुम्ही बोलता तसं."
मला जायचंय. मशीनचा आवाज, सरकीचा वास, चार माणसांत उठबस. पण कामासाठी जायचंय की या पोरीच्या डोळ्यांपासून सुटायला, ते कळत नाही. सु.ला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारू नका. मी तर रोज सुटते."
मनूला मांडीवर घेतलं. विचारलं, "मनू, बाबाने जाऊ का कामाला?" काय कळणार तिला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी बोलायचा थांबलो तरी ओठांकडेच बघत होती, पुढचा शब्द कधी येतो म्हणून.