माझ्या यंत्राचं पाणी

३ मार्च, सांगली
जमलं! मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात वेदनाशामक औषधाचा अंश होता. माझ्या यंत्रातून करंट सोडल्यावर तो सापडतच नाही. आमच्या जतकडचं पाणी खारं, त्यामुळे वरून मीठ घालावं लागलं नाही, करंट कसा सुरेख वाहतो. लगेच आबांना, माझ्या वडिलांना फोन. यंत्र त्यांच्याच मळ्यात बसवलंय, आता ते गावभर फुशारकी मारणार.

८ मार्च
आबांचा फोन. नव्या पाण्याचा पहिला तांब्या देवाला, मग तीर्थ म्हणून सगळ्या आळीला. रीतच आमची. वर म्हणतात, "सूनबाईला रोज त्येच देतूय. दिवस गेल्यात तिला, चांगलं पाणी नगं?"
अहो आबा, तपासण्या राहिल्यात अजून!
"तूच म्हणालीस की औषध गेलं म्हणून."
म्हणाले होते खरी. बंद करा म्हटलं, तर "मग टँकर कवा येतोय त्ये तू सांग."


११ मार्च
प्रयोगशाळेत दोन्ही पाण्यांत पाणपिसवा सोडल्या, डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव. पाणी विषारी असेल तर आधी त्या मरतात. विहिरीच्या पाण्यात सगळ्या जिवंत. माझ्या शुद्ध पाण्यात एकही हलेना. माझंच काही चुकलं असेल. परत चाचणी लावली.

१२ मार्च
परत तेच.
माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पाण्यातल्या मिठाचं काय झालं, पाहिलंस?"
नाही पाहिलं. खारं पाणी म्हणून मी खूशच होते. करंटने मिठातला क्लोरीन सुटला, औषधाच्या मोडलेल्या रेणूंना चिकटला. औषध गेलं, पण त्याच्या जागी जे आलं ते...
आबांचा फोन लागत नाही. वहिनीचाही नाही. लय भीती वाटतेय.

१३ मार्च, घरी
पहिल्या एसटीने आले. दारातच वहिनीने तांब्या पुढे केला. "घ्या वन्सं, तुमचंच पाणी हाय."
हातातून घेतला आणि परसात ओतला. मग सगळं सांगितलं. आबा उठले, मळ्यात जाऊन यंत्र बंद करून आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
वहिनी उंबऱ्यावरच बसली. "पिसवा मेल्या. मग माझ्या बाळाचं काय, वन्सं?"
मला माहीत नाही, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?
उद्या तिला डॉक्टरांकडे नेतेय. पोटात काय गेलं, हे ते विचारतील. जे गेलं त्याला अजून नावसुद्धा नाही.