मोठ्या ताटातले शब्द

चंद्रपूर, ९ जानेवारी २०२५

ती. प्रफुलभाऊ यांस,
धाकट्या डिंपलचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. गाव माझ्यावर चिडलंय हे धुरपताकाकूकडून कळलं. भाऊ, खाणीच्या रस्त्यासाठी आपला तलाव बुजवायचा हे मी ठरवलं का? सुनावणीच्या साहेबाला मराठी येत नव्हती. इंग्रजी शिकवणारी म्हणून मला दुभाषी बसवलं. बाबा बोलले ते मी चांगल्या भारदस्त इंग्रजीत सांगितलं, आपल्याला कोणी अडाणी समजू नये म्हणून! माझं काय चुकलं?

तलावात पहिलं जाळं पडलं की वाट्याच्या मासोळीसाठी परगावच्या लेकीच्याही नावाचं पळसाचं पान मांडतात. माझं मांडाल ना? बाबांचा खोकला कसा आहे? रागापायी लोभ आटू देऊ नका.

तुमची,
डिंपल

आरमोरी, १५ जानेवारी

चि. डिंपलले अनेक आशीर्वाद.

बाबाचा खोकला बरा हाय. राग बरा नाई.

दिवाळीत आंगनात बसून तूच सांगतलं होतं. इंग्रजांवर फ्रेंच बोलनाऱ्यांनं राज्य केलं. राखनारा डुकराले पिग म्हणे, मालकाच्या ताटात त्याचं पोर्क होये. कचेरीतले शब्द फ्रेंच, पोथीतले लॅटिन. भूक, पानी, मासोळी, जाळं, एवढेच आखूड शब्द गरिबाच्या घरचे राह्यले. बाबा किती हासले होते!

मंग सुनावणीत बाबानं सांगतलं का तलाव बुजवला तर आमी उपाशी मरू, जीव गेला तरी देनार नाई. सात तारखेले गावात निकाल वाचला. म्हणे गावाचा विरोध नाई, फक्त मोबदला पायजे. काऊन वो बाई? असं कोन बोललं होतं?

तुहा भाऊ,
प्रफुल

चंद्रपूर, २० जानेवारी

ती. भाऊ,
शि. सा. न. वि. वि.

मी म्हटलं होतं की लोकांना कॉम्पेन्सेशनबद्दल कन्सर्न आहे. कचेरीत असंच बोलतात, भाऊ. लॅटिन-फ्रेंच घराण्यातलेच शब्द तिथे चालतात. 'हंगर' म्हणता आलं असतं, साहेबाला कळलंही असतं. पण त्या खुर्चीवर बसून तो शब्द तोंडातून निघेना. मी मासे धरणाऱ्या ढिवराची पोर दिसले असते. आता मी साहेबाला अर्ज लिहिते, साध्या शब्दांत. बाबांना सांगा ना.

डिंपल

आरमोरी, २ फेब्रुवारी

चि. डिंपलले आशीर्वाद.

तुह्या अर्जाच्या आधी मुरूम आला. तलावाच्या पाळीवर ट्रक उभे हायेत. काल आमी जाळं टाकलं. पह्यलं म्हन का आखरीचं म्हन.

सगळ्याईची पानं मांडली. तुहंही मांडलं, बाबानं आपल्या हातानं. पन त्यावर मासोळी ठेवली नाई. मी विचारलं काऊन, तं म्हनाले, तिचं जेवन मोठ्या ताटात हाय आता. मंग तोंड फिरवून लय येळ खोकलत राह्यले.

पत्राच्या शेवटी लोभ मांगायची रीत हाय, म्हणून मांगतो.

प्रफुल