शेंड्याच्या रंगाचा रकाना

१४ जुलै १९९८, मंगळवार. शिवाजी पेठ

मलकापूरच्या पुढच्या जंगलातून भिजून आलो. रानहळद मिळाली, बहुधा नवी जात. पानं, कंद, फुलांचं कणीस, सगळं मोजून लिहिलं. कणसाच्या शेंड्याच्या रंगाचा रकाना तेवढा कोरा.

फिका गुलाबी आणि फिका हिरवा मला सारखेच दिसतात, हे फक्त माझ्या बायकोला, सुमनला माहीत होतं. ती जाऊन आठ महिने झाले. जंगलात ती रंग सांगायची, मी लिहायचो. "कालच्या कण्हेरीचा गुलाबी," असं काहीतरी. आज कणीस हातात धरलं, पेन उघडलं आणि थांबलो. कशासाठी थांबलोय, हे कळायला जरा वेळच लागला.

शेवटी म्हशी राखणाऱ्या मावशींना विचारलं.

"गुलाबी हाय की," त्या म्हणाल्या. "तुमास्नी दिसत न्हाय व्हय? गेल्या साली बाई हुत्या संगं. त्या कुठं हायत?"

"घरी," म्हणालो. का म्हणालो?

गुलाबी लिहायला हरकत नाही. पण कसला गुलाबी? कणीस कागदात दाबलं की तपकिरी होईल, मग कोणालाच विचारता येणार नाही. मघाशी ते घेऊन शेजारच्या वहिनींच्या दारापर्यंत गेलो. आत सगळे जेवायला बसले होते. परत आलो.

रकाना अजून कोराच. खाली 'गोळा करणारे' यापुढं मात्र सवयीनं दोघांची नावं लिहून बसलोय.