मराठीत सांग

सुकलू भाऊ,

हे पत्र मी धाडणार नाई. तुमाले ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागेल, अन् तेवढी हिंमत माझ्यात नाई.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाले आहो. शिकवणं शिकायले तुमच्या लेकीच्या, सोमारीच्या आश्रमशाळेत आली होती. ती गेली त्या सकाळी माझा परीक्षेचा पाठ होता. आमचे सर मागं बसून गुण देऊन राह्यले होते. सोमारी उठून गोंडीत काही बोलली. मी म्हटलं, "मराठीत सांग." ती पुन्हा गोंडीतच बोलली. मी पुन्हा तेच म्हटलं. मग ती खाली बसली अन् पाठ संपेपर्यंत उठली नाई.

एटापल्लीच्या दवाखान्यात म्हणाले, रात्री मण्यार चावली असंल, थोडं आधी आणायचं होतं.

मातीच्या दिवशी तुमीच माझी समजूत काढली. "रडू नको बाई. तुले आमची बोली येत नाई, तुझा काय दोष?"

भाऊ, माझी आजी भामरागडची. घरी आमी गोंडीच बोलतो. कॉलेजात मी ते कोणाले सांगितलं नाई. सोमारी म्हणत होती, "बाई, झोपेत काहीतरी चावलं. माझे डोळे उघडे राहत नाई." मले पहिल्याच वेळी समजलं होतं.

सरांनी माझ्या पाठाच्या वहीत शेरा लिहिला आहे: 'वर्गात मराठीचा आग्रह. उत्तम.' वीसपैकी अठरा गुण दिले.

तुमच्याच बोलीची,
रिना मडावी