चौकटीवरची गुळगुळीत जागा

पारनेर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अश्विनीस,
तुला आणि संदीपला माझा प्रेमाचा जय भीम.

इकडे ठीक आहे. थंडी पडायला लागली. तुझी मनवा शाळेत गेली म्हणून लिहायला बसले. फोनवर तू विचारत जातेस, मी 'व्हय, व्हय' करत जाते आणि सांगायचं ते राहून जातं.

दुपारी डोळा लागला की मनवाचे आजोबा दिसतात. दाराच्या चौकटीला कोपर घासत उभे असतात, अंगावर पिठासारखं ऊन. तू या घरात येण्याआधीच ते गेले. त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पाण्याच्या बारीक फोडांचे झुपके यायचे, रक्त निघेपर्यंत खाजवायचे. चौकटीचं लाकूड तिथं अजून गुळगुळीत आहे. पुसताना माझा हात तिथंच थांबतो.

जूनमध्ये मनवा शाळेसाठी माझ्याकडे आली आणि आठवडाभरात त्याच चौकटीला कोपर घासायला लागली. त्यांच्यापेक्षा हातभर खाली.

मी अक्षरं शिकले ती ते गेल्यावर, त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या समोर धरून. आता हाती येईल ते वाचते. फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रात होतं, काहींना गहू सोसत नाही, आतडं बिघडतं, माणूस वाळत जातो, कुणाच्या कातडीवर असेच फोड येतात. उभ्यानं तीनदा वाचलं. तू पाठवलेलं गव्हाचं पीठ शेजारच्या गोजरबाईला देऊन टाकलं आणि पोरीला बाजरीची भाकरी सुरू केली. बिस्किटंही बंद. तुला सांगितलं नाही.

दिवाळीत तू तिचे फोड डॉक्टरांना दाखवून त्याच आजारासाठी रक्त तपासून घेतलंस. डॉक्टरांना म्हणालीस, रोज चपाती खाते. रिपोर्ट चांगला आला म्हणून फोनवर रडलीस. मी हसले. पण अश्विनी, मी पोरीसाठी हसले नाही.

ते वाळत चालले तेव्हा मीच त्यांची भाकरी बंद केली होती. आजाऱ्याला मऊ चपाती द्यायची, आपल्यात तसंच करतात. ते म्हणायचे, "भिमे, मला भाकरच दे. चपातीनं प्वाट दुखतंय."

मी म्हणायचे, "गप खावा. अंगात ताकद न्हाई तुमच्या."

दोन वर्षं लाटली. त्यांचं रक्त असं कुणी तपासलंच नाही, म्हणून खरं काय ते कधी कळणार नाही. मनवाचा रिपोर्ट ऐकून वाटलं, म्हणजे गव्हाचं काही नव्हतं. माझ्या हातून काही झालं नव्हतं.

परवा फळी पुसायला कागद काढला. खालचा भाग भिंतीकडे दुमडलेला होता. त्यात लिहिलंय, तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. सोडला तर रक्तातली खूण विरत जाते, आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

तेव्हा तो रिपोर्ट धरू नकोस. डॉक्टरांना सांग, पाच महिने पोरीनं गहू खाल्लेला नाही, माझ्या सासूनं दिला नाही. फोडांजवळची कातडीही तपासतात म्हणे, तेही विचार. माझ्यावर रागव, पण आधी हे सांग.

शनिवारच्या एसटीनं मनवाला घेऊन तुमच्याकडे श्रीरामपूरला येते. तपासणीसाठी पुन्हा गहू द्या म्हणाले, तर पहिली चपाती मीच लाटीन. ती खाईल तेव्हा जवळ बसेन. पोट दुखतंय म्हणाली, तर या वेळी ऐकेन.

तुझी, चुकलेली,
भिमाबाई